स्पीकरमधली घुर्र: पैसे काढण्याआधी कान लावा

शेजारच्या काकू ऑनलाइन गाणं शिकवतात. एका संध्याकाळी त्यांनी हाक मारली. "अरे, तंबोऱ्याचं अॅप बंद केलं तरी मागे काहीतरी वाजतच असतं. पांढरी पाचच्या आसपास, पण जरा चढं." मी कॉम्प्युटरपाशी बसलो, स्पीकरला कान लावला. बारीक, न थांबणारी घुर्र. घरी येऊन आकडा काढला. आपल्या घरातली वीज ५० हर्ट्झची, आणि तिची घुर्र बऱ्याचदा दुपटीवर, १०० वर ऐकू येते. पांढरी पाच हा पेटीवरचा एक सूर, खर्जातला ९८ हर्ट्झचा. म्हणजे काकूंचा कान अगदी बरोबर होता, आणि त्यांनी नकळत निदानही केलं होतं: आवाज कॉम्प्युटरचा नव्हता, विजेचा होता.

हे मला आधी सुचायला हवं होतं. त्याच्या दोन वर्षं आधी अशाच घुर्रीसाठी मी वाशीतल्या एका दुकानातून साडेतीन हजारांचं साऊंड कार्ड आणलं होतं. घुर्र जागच्या जागी. दुकानदार म्हणाला, मदरबोर्ड गेला असेल. मदरबोर्ड आजही चालू आहे. साऊंड कार्ड खणात पडलंय.

म्हणून नवख्यांसाठी हे सगळं क्रमाने लिहून ठेवतोय. एकच नियम पाळा: एका वेळी एकच गोष्ट बदला आणि मग ऐका. तीन वायरी एकदम उपटल्या आणि आवाज गेला, तर कशाने गेला ते कळत नाही, आणि आठवड्याने तो परत येतो.

आधी आवाजाला नाव द्या

खोलीतला पंखा बंद करा, खिडकी लावा, काहीही न वाजवता दोन मिनिटं ऐका. जाड, एकसुरी, गाणं चालू असो-नसो तशीच राहणारी घुर्र असेल तर संशय विजेवर आणि अर्थिंगवर. माऊस हलवला, पान सरकवलं, गेम उघडला की बदलणारी बारीक कुईकुई असेल तर ती कॅबिनेटच्या आतली. पावसाची दुरून येणारी सर असते तशी सिस्स असेल तर बहुधा आवाजाच्या बटणांचा ताळमेळ चुकलाय. पिन हलवली की खरखर होत असेल तर जॅक. आणि शांत असताना काही नाही, पण गाणं लावलं की टकटक, तुटक, अडखळल्यासारखं येत असेल, तर वायरींना हात लावू नका, ते काम सॉफ्टवेअरचं.

आणखी एक ओळखीचा आवाज आहे. फोन वाजायच्या दोन सेकंद आधी स्पीकरमधून येणारं "टिडिडी-टिडिडी". टूजीवर फोन सेकंदाला साधारण २१७ वेळा तुकड्या-तुकड्यांनी सिग्नल पाठवतो, आणि स्पीकरची वायर त्याची अँटेना बनते. फोरजी-फाइव्हजीवर हे फारसं ऐकू येत नाही, पण घरात आजीचा बटणांचा फोन असेल तर तो स्पीकरपासून हातभर लांब ठेवा. एवढाच उपाय, पुढे चला.

चार चाचण्या, दहा मिनिटं

पहिली: स्पीकरचं बटण बंद करा. आवाज तरीही येतोय? मग तो स्पीकरचा नाहीच. पंखा असेल, जुनी हार्ड डिस्क असेल, नाहीतर ग्राफिक्स कार्डातल्या कॉइल किंचाळत असतील. वर्तमानपत्राची सुरळी करून एक टोक कानाला लावा, दुसरं कॅबिनेटभोवती फिरवा. कोण ओरडतंय ते लगेच सापडतं. कॉइलच्या किंचाळीने बिघाड होत नाही. गेमच्या सेटिंगमध्ये फ्रेम रेटला (सेकंदाला किती चित्रं काढायची त्याला) मर्यादा घातली की बऱ्याचदा ती दबते, कारण नुसता मेनू उघडा असतानाही कार्ड उगाच शेकडो फ्रेम काढत बसलेलं असतं.

दुसरी: स्पीकर चालू ठेवून त्याची ऑडिओ वायर काढा. इथे नवखे हमखास फसतात. वायर कॉम्प्युटरमधून काढली पण स्पीकरला तशीच लोंबकळत ठेवली, तर ती स्वतःच हवेतली घुर्र पकडते, आणि पिनच्या टोकाला बोट लागलं तर मोठ्यांदा भणभणते. ते साहजिक आहे, त्यावरून काही ठरवू नका. वायर निघत असेल तर स्पीकरच्या बाजूने काढा. तरी घुर्र राहिली तर दोष स्पीकरचा किंवा त्याच्या अडॅप्टरचा.

तिसरी: तोच स्पीकर, तीच वायर मोबाईलला किंवा टॅबलेटला लावा. चार्जर लावलेला नको, नुसत्या बॅटरीवर. आवाज स्वच्छ आला तर स्पीकर आणि वायर दोन्ही सुटले.

चौथी, आणि माझ्या मते सगळ्यात मोलाची: साधा वायरचा हेडफोन कॉम्प्युटरच्या, स्पीकर लावता त्याच जॅकमध्ये घाला. हेडफोनला वीज लागत नाही, त्याचा भिंतीतल्या सॉकेटशी काही संबंध नाही. हेडफोनमध्ये शांत आणि स्पीकरमध्ये घुर्र, याचा अर्थ गडबड दोन उपकरणांच्या मधल्या वाटेत आहे. हेडफोनमध्येही तोच आवाज आला तर ती कॅबिनेटच्या आत आहे. इथून रस्ता दुभंगतो.

घुर्र: भिंतीतून येणारी

आमच्या नवी मुंबईतल्या कोपरखैरणेत, किंवा ठाण्यात नौपाड्यातल्या जुन्या बिल्डिंगांमध्ये, हा सगळ्यात नेहमीचा प्रकार. याची दोन कारणं आहेत आणि दोन्हींची लक्षणं वेगळी.

पहिलं कारण, अर्थिंग नसणं. कॅबिनेटच्या पत्र्याला पाय लागला की झिणझिण्या येतात? हात लावला की स्पीकरमधली घुर्र कमी-जास्त होते? मग अर्थिंग तुटलेलं आहे असं समजायला हरकत नाही. कॉम्प्युटरच्या एसएमपीएसमध्ये, म्हणजे आतल्या वीजपुरवठ्याच्या डब्यात, विजेची कचकच गाळण्यासाठी फेज आणि न्यूट्रल या दोन्ही तारांवरून पत्र्याकडे छोटे कपॅसिटर जोडलेले असतात. गळणारा किंचित करंट अर्थच्या तारेने जमिनीत जावा अशी ती रचना. अर्थच नसेल तर पत्रा फेज आणि न्यूट्रलच्या मधोमध लटकतो, म्हणजे २३० व्होल्टच्या निम्म्यावर, ११५ च्या आसपास. करंट फार थोडा असतो म्हणून माणूस फेकला जात नाही, नुसतं झिणझिणतं. टेस्टर लावला तर मंद पेटतो. हाच करंट जमिनीत जायला दुसरी वाट शोधतो, आणि त्याला सापडते तुमची ऑडिओ वायर.

काकूंच्या घरात नेमकं हेच होतं. वायरमनला बोलावलं. त्याने मेन स्विच पाडून बोर्ड उघडला, आणि आत हिरवी तार होती, छान होती, फक्त सॉकेटला लावलेली नव्हती. दोन वेढे देऊन, टोकाला काळी टेप गुंडाळून कोपऱ्यात दडपून ठेवलेली. कुणीतरी कधीतरी सॉकेट बदलताना घाई केली असणार. दोन मिनिटांत तार स्क्रूखाली गेली. काकूंनी स्पीकर लावला, डोळे मिटून थोडं ऐकलं आणि म्हणाल्या, "गेली की रे पांढरी पाच."

हे काम स्वतः करू नका. वायरमनला एवढंच सांगा की मीटर लावून तिन्ही आकडे दाखव. फेज-न्यूट्रल २३० च्या आसपास हवं. फेज-अर्थ जवळपास तेवढंच. न्यूट्रल-अर्थ एक-दोन व्होल्ट, फार तर चार-पाच. फेज-अर्थचा आकडा भलताच कमी किंवा भटकता असेल तर अर्थ मेलेलं आहे. मग ते बोर्डात सुटलंय, का बिल्डिंगच्या खाली मीटर रूममध्ये तार गंजून तुटलीय, ते त्याला शोधू द्या. खाली असेल तर विषय सोसायटीच्या सेक्रेटरींकडे न्यावा लागतो, आणि तिथे स्पीकरची घुर्र सांगू नका, झिणझिण्या सांगा. लवकर ऐकतात.

बोर्ड उघडण्याआधी तुमचा एक्स्टेंशन बोर्ड मात्र नक्की बघा. वरून तीन भोकांचा दिसतो, पण त्याची स्वतःची पिन दोनचीच असते, किंवा मध्ये थ्री पिनचा टू पिन करणारा तो पांढरा तुकडा घुसवलेला असतो. मग भिंतीतलं अर्थिंग कितीही चांगलं असो, कॉम्प्युटरपर्यंत पोचतच नाही.

दुसरं कारण नेमकं उलटं: अर्थ एकाऐवजी दोन. याला ग्राउंड लूप म्हणतात. समजा कॉम्प्युटर एका भिंतीवरच्या सॉकेटला, अॅम्प्लिफायर दुसऱ्या भिंतीवर. दोन्हींना अर्थ आहे, पण दोन्हीकडच्या अर्थमध्ये थोडासा फरक असतोच. ऑडिओ वायरची बाहेरची जाळी या दोन टोकांना जोडते, फरकामुळे तिच्यातून करंट फिरू लागतो आणि गाण्यात मिसळतो. माझ्या साडेतीन हजारांची कथा इथे संपते. माझ्या कॉम्प्युटरला एचडीएमआयने टीव्ही जोडलेला होता, टीव्हीला केबलवाल्याचा बॉक्स, आणि त्या बॉक्सला गच्चीवरून आलेली जाड काळी वायर. तिची जाळी बिल्डिंगमध्ये कुठेतरी भलतीकडेच अर्थ झालेली. एके दिवशी केबल बंद होती म्हणून मी बॉक्सची वायर चडफडत उपटली, आणि घुर्र थांबली.

तेव्हा ग्राउंड लूपचा संशय असेल तर कॉम्प्युटर, स्पीकर, मॉनिटर सगळं एकाच चांगल्या थ्री पिन एक्स्टेंशनवर घ्या. मग टीव्हीची केबल किंवा डिशची वायर काढून बघा. फायबरच्या इंटरनेटचा इथे दोष नसतो; ती काच आहे, तिच्यातून करंट जात नाही. साध्या लॅन केबलच्या दोन्ही टोकांना छोटे ट्रान्सफॉर्मर असतात, त्यामुळे तीही सहसा निर्दोष.

वायर काढून चालणारच नसेल, म्हणजे घरात रोज मालिका बघणारी माणसं असतील, तर ऑडिओ वायरच्या मध्ये ग्राउंड लूप आयसोलेटर टाका. काहीशे रुपयांची डबी. आत दोन बारीक ट्रान्सफॉर्मर असतात, आवाज पलीकडे जातो, करंट अडतो. स्वस्तातला घेतला तर तबल्याच्या डग्ग्याचा घुमारा थोडा पातळ होतो, हे आधीच सांगून ठेवतो. स्पीकरला ऑप्टिकलची सोय असेल तर प्रश्नच मिटला: मदरबोर्डच्या मागच्या त्या चौकोनी भोकात लाल दिवा दिसतो, तिथून आवाज प्रकाशाने जातो.

आणि एक गोष्ट अजिबात करू नका. घुर्र घालवायला प्लगची मोठी पिन कापायची किंवा अर्थ काढून टाकायचं, असा सल्ला देणारे भेटतात. घुर्र जाते हे खरं. पण ती पिन इतर दोघींपेक्षा लांब असते ती उगाच नाही: आत जाताना अर्थ सगळ्यात आधी जोडला जावा आणि बाहेर येताना सगळ्यात शेवटी सुटावा म्हणून. एसएमपीएस कधी आतून बिघडला आणि पत्र्यात फेज उतरली, तर मधे फक्त ती पिन उभी असते.

घरात इन्व्हर्टर असेल तर लाइट गेल्यावरच घुर्र येते का ते लक्षात ठेवा. स्वस्तातला स्क्वेअर वेव्ह इन्व्हर्टर गोलाईदार लाटेऐवजी चौकोनी पायऱ्यांची वीज देतो. त्यावर पंखेसुद्धा घुमतात, स्पीकर कसा गप्प बसेल? त्याला उपाय शुद्ध साइन वेव्हचा इन्व्हर्टर. तेवढ्यासाठी खर्च करायचा का, ते तुमच्या भागात लाइट किती जाते यावर ठरवा. लाइट असतानाच भणभण येत असेल तर डिमर आणि स्वस्त एलईडी दिवे एकेक करून बंद करून बघा.

माऊस हलवला की कुईकुई

हेडफोनमध्येही आवाज येतोय, आणि तो माऊसबरोबर बदलतोय. बरेच लोक इथे फक्त जॅक बदलून सुटतात. कॅबिनेटच्या पुढच्या जॅकला आतून एक लांब वायर जाते, ती बहुतेक वेळा ग्राफिक्स कार्डाच्या अंगावरून, पंख्यांच्या वायरींतून वळसे घेत जाते. रस्त्यात जे भेटेल ते गोळा करते. पिन मागच्या हिरव्या जॅकमध्ये घाला. गेलं? मग पुढचा जॅक विसरा, नाहीतर कॉम्प्युटर बंद करून, प्लग काढून, ती वायर कॅबिनेटच्या तळाशी कडेकडेने न्या.

मागूनही येत असेल तर यूएसबी साऊंड कार्ड लावून बघा, शक्यतो कुणाचं तरी मागून आणून. आवाजाचं रूपांतर गजबजलेल्या मदरबोर्डपासून दूर होतं, म्हणून फरक पडतो. ते हबमधून लावू नका, मागच्या पोर्टला थेट लावा. तरीही कुईकुई आली तर ती यूएसबीच्या ग्राउंडवरूनच येतेय. मग वर सांगितलेली आयसोलेटरची डबी इथेही चालते.

वायरलेस हेडफोन तुटत असेल तर कारण वेगळं. यूएसबी ३.० च्या निळ्या पोर्टांतून निघणारा गोंगाट २.४ गिगाहर्ट्झवरच्या उपकरणांना त्रास देतो, हे इंटेलने २०१२ सालीच लिहून ठेवलंय. हेडफोनचा छोटा रिसीव्हर त्या पोर्टाला, आणि शेजारी हार्ड डिस्क लावलेली असेल, तर रिसीव्हर फूटभर यूएसबी एक्स्टेंशनवर घेऊन टेबलावर ठेवा.

सिस्स आणि माइक

सिस्स बहुधा बिघाड नसतोच. विंडोजमधला आवाज २० वर आणि स्पीकरचं बटण पूर्ण फिरवलेलं, असं असेल तर स्पीकर गाण्याबरोबर सिस्सही मोठी करतो. उलटं करा: विंडोजचा आवाज ८०-९० वर, स्पीकरचं बटण खाली.

माइकचंही तेच. कंट्रोल पॅनेलमध्ये साऊंड, तिथे रेकॉर्डिंग, तुमचा माइक, मग लेव्हल्स. "मायक्रोफोन बूस्ट" +३० डीबीवर असेल तर खोलीतला पंखा, गल्लीतला भंगारवाला, सगळे समोरच्याला ऐकू जातात. बूस्ट शून्य किंवा +१० वर आणा आणि माइक तोंडाजवळ घ्या. तिथेच "लिसन" नावाच्या खिडकीत खूण केलेली असेल तर काढा. त्यामुळे माइकचा सगळा कचरा तुमच्याच स्पीकरमधून परत येत असतो.

मोबाईलचा एकाच पिनचा हेडसेट असेल तर पिनवरच्या काळ्या रेघा मोजा. तीन रेघा म्हणजे त्यात माइक आहे. कॉम्प्युटरला हेडफोन आणि माइकचे दोन वेगळे जॅक असतील तर मधे स्प्लिटर, म्हणजे एका पिनच्या दोन पिना करणारी छोटी वायर, लागतो.

तुटक, टकटक आवाज

इथे वायरी निर्दोष. आवाजाचे तुकडे प्रोसेसरकडून वेळेवर पोचत नाहीत. साऊंडचा ड्रायव्हर मदरबोर्ड किंवा लॅपटॉपच्या कंपनीच्या साइटवरून घ्या, "ड्रायव्हर अपडेटर" म्हणून मिरवणारी फुकट सॉफ्टवेअरं नको. साऊंडच्या प्रॉपर्टीजमधली एन्हान्समेंट्स बंद करा. पॉवर प्लॅन बदलून बघा. एवढ्यावर भागलं नाही तर लेटन्सीमॉन नावाचं छोटं सॉफ्टवेअर पाच-दहा मिनिटं चालवा. कोणता ड्रायव्हर वेळ खातोय ते नावासकट सांगतं. बऱ्याचदा तो साऊंडचा नसून वायफायचा किंवा ग्राफिक्सचा निघतो. वायफाय तात्पुरतं बंद करून गाणं ऐकलं तरी अंदाज येतो.

पावसाळ्यातली खरखर

खाडीच्या कडेला राहणाऱ्यांचा हा वार्षिक कार्यक्रम. ऐरोलीपासून बेलापूरपर्यंत आणि ठाण्यात कळव्याच्या बाजूला, जून ते सप्टेंबर हवेत ओल आणि मीठ दोन्ही असतं, जॅकच्या पत्र्यावर काळसर थर चढतो. सगळं बंद करा, पिन आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, दहा-पंधरा वेळा आत-बाहेर करा. जॅकमध्ये मारायला कॉन्टॅक्ट क्लीनरच वापरा. दाराच्या बिजागरीला मारायचा तेलकट स्प्रे नको, त्यावर धूळ बसून चिखल होतो. स्पीकरचं बटण फिरवताना खरखर येत असेल तर वीज बंद ठेवून ते वीस-तीस वेळा या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवा. कॅबिनेट उघडलंच आहे तर आत पाल नाही ना ते बघा. आमच्याकडे एकदा होती.

दुकानात जायचंच असेल तर

आधी मोबाईलवर आवाज रेकॉर्ड करा: नुसती घुर्र, माऊस हलवताना, केबल काढल्यावर. चारही चाचण्यांचं उत्तर कागदावर लिहा. कारण दुकानात गेल्यावर तिथलं अर्थिंग वेगळं, केबलवाल्याची वायर नाही, स्पीकर त्यांचा. तिथे तुमचा कॉम्प्युटर एकदम शहाण्यासारखा वागतो, आणि मग समोरचा माणूस मदरबोर्डचं नाव घेतो.